घरच्या घरी कडक मार्गारिटा: संत्र्याच्या लिकरऐवजी काय वापरावे?

प्रश्न (वरूड तालुका): पुण्याहून आलेल्या भाच्याने टकीलाची बाटली आणली आहे, परंतु मार्गारिटा या कॉकटेलसाठी लागणारे संत्र्याचे लिकर (गोड मद्य) आमच्याकडे मिळत नाही. घरी संत्री मुबलक आहेत. रस घातल्यास पेय फिके होईल का?

उत्तर १: होय भाऊ, रसाने ते फिकेच होईल. नेहमीच्या कृतीत ५० मिली टकीला, २० मिली लिकर आणि १५ मिली लिंबाचा रस असतो, आणि ते लिकरही सुमारे ४० टक्के अल्कोहोलचे असल्याने कडकपणा टिकतो. म्हणून टकीला ६० मिली घ्यावी, संत्र्याच्या सालीचा पांढरा भाग काढून ती साखरेच्या गरम पाकात तासभर मुरवावी आणि गाळलेला पाक १५ मिलीच घालावा. बर्फासह १५ सेकंद जोरात हलवावे. सुगंध सालीतील तेलात असतो, रसात नव्हे.

उत्तर २: बाटलीवर ‘१०० टक्के अगावे’ (टकीला ज्या वनस्पतीपासून बनते ती) लिहिले आहे का, ते पाहावे, नसल्यास त्यात ४९ टक्क्यांपर्यंत इतर साखरेचे मद्य असू शकते. बांधावरचे घायपात त्याच कुळातले असले तरी टकीला निळ्या अगावेचीच होते, तेव्हा तो प्रयोग नको!

उत्तर ३: भाच्याचे वय २५ पूर्ण आहे ना? शिवाय बाटली घेऊन वर्ध्याला जाऊ नये, तिथे दारूबंदी आहे.

प्रश्नकर्ता: तो तिशीचा आहे. साल मुरत घातली आहे.