मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडीची लीज संपते आहे, बायआउटची (लीजअखेर तीच गाडी विकत घ्यायची) किंमत कमी करून मिळते का?

ओंजळ, 11 जानेवारी 2026

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहतो. मार्च 2023 मध्ये तीन वर्षांच्या लीजवर इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. येत्या 24 मार्चला लीज संपते. गाडी ठेवायची खूप इच्छा आहे, पण करारातली किंमत बघून पोटात गोळा येतो.

आकडे असे आहेत. स्टिकरवरची किंमत होती 53,200 डॉलर. करारातली रेसिड्युअल (लीज संपताना गाडीची धरलेली किंमत) त्याच्या 57 टक्के, म्हणजे 30,324. त्यावर विकत घेण्याची फी 300. वर विक्रीकर. लीज घेतली तेव्हा न्यू जर्सीत इलेक्ट्रिक गाड्यांना विक्रीकर माफ होता. 1 ऑक्टोबर 2024 पासून निम्मा लागू झाला आणि 1 जुलै 2025 पासून पूर्ण 6.625 टक्के. म्हणजे आणखी 2,009. सगळं धरून 32,633 डॉलर होतात.

आणि बाजारात काय चाललंय? हेच मॉडेल, हेच वर्ष, 25 ते 32 हजार माइल चाललेल्या तीन गाड्या आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर विक्रीला आहेत: 25,400, 25,990 आणि 26,700. आमची 29,400 माइल चालली आहे. आमची गाडी विकली तर किती येतील म्हणून दोन ऑनलाइन खरेदीदारांकडे आकडा मागितला, तर 22,100 आणि 22,900 आले.

फायनान्स कंपनीला फोन केला (गाडीची आणि फायनान्सची, दोन्ही कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही). बाई अगदी गोड बोलल्या, पण उत्तर एकच: "करारात आहे तीच किंमत." पाच मिनिटांत फोन संपला.

मग घासाघीस करायची तरी कोणाशी? कोणी करून बघितली आहे का? कुठे बोलायचं, किती म्हणायचं आणि किती उरलेल्या दिवसांत? परत करायची वेळ आली तर करू, पण फक्त विचारायचं कसं हे कळलं नाही म्हणून गाडी गेली, असं व्हायला नको आहे.

कडुनिंब

ताई, आधी हे लक्षात घ्या की हे नुकसान तुमचं नाही. तुमची लीज क्लोज्ड एंड असणार, घरगुती गाड्यांची बहुतेक तशीच असते. गाडीची किंमत अंदाजापेक्षा खाली गेली तर तो तोटा गाडीच्या मालकाचा, म्हणजे फायनान्स कंपनीचा. तुम्ही चावी टेबलावर ठेवून बाहेर पडू शकता. तुमच्या हातातला हुकमाचा पत्ता हाच.

57 टक्के कुठून आले तेही सांगतो. करोनानंतर जुन्या गाड्यांचे भाव चढे होते आणि तुमची रेसिड्युअल त्या हवेत ठरली. टेस्लाने जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेत नव्या गाड्यांच्या किमती एकदम खाली आणल्या, काही मॉडेलवर जवळजवळ 20 टक्क्यांनी. नवी गाडीच स्वस्त झाल्यावर जुनीला कोण जास्त देणार? जानेवारी 2024 मध्ये भाड्याने गाड्या देणाऱ्या हर्ट्झने ताफ्यातल्या 20,000 इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या, तेव्हा जुन्या बाजारात आणखी माल आला. शिवाय 7,500 डॉलरचं फेडरल क्रेडिट, म्हणजे केंद्र सरकारची करसवलत, होतंच. नवीवर एवढी सूट असेल तर जुनीचा भाव आपोआप तेवढा पडतो.

ओंजळ

अगदी बरोबर. आम्ही लीज घेतली तीच त्या क्रेडिटमुळे. गाडीची जुळणी अमेरिकेबाहेरची, त्यामुळे विकत घेतली असती तर क्रेडिट नव्हतं. लीजवर मात्र ते फायनान्स कंपनीला मिळायचं आणि तिने ते आमच्या हप्त्यातून वजा केलं.

शेवंती

जुन्या इलेक्ट्रिक गाडीवर 4,000 डॉलरचं क्रेडिट असतं ना? 25,000 च्या आत किंमत आणता आली तर तेही घ्या की.

रारीटन_काठी

शेवंती, ते आता नाही. नवीवरचं, जुनीवरचं आणि लीजवरचं, तिन्ही क्रेडिटं 30 सप्टेंबर 2025 नंतर घेतलेल्या गाड्यांना बंद झाली. कोणी डीलर अजून त्याचं गाजर दाखवत असेल तर तिथून उठा.

ओंजळ, हे आमच्या घरी दोनदा झालंय, एकदा जमलं आणि एकदा नाही. त्यामुळे सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्या बाईंशी बोललात त्यांना किंमत बदलायचा अधिकारच नसतो. रेग्युलेशन एम नावाच्या फेडरल नियमाप्रमाणे लीजअखेरच्या खरेदीची किंमत करारात लिहावी लागते, आणि फोनवरच्या माणसासमोर तोच आकडा असतो. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. "लीज संपल्यावर गाड्या विकायचं काम बघणारा विभाग" मागा. तिथल्या माणसाला लिलावातले भाव रोज दिसत असतात.

त्यांना तोंडी नाही, लेखी ऑफर द्या. एक पान पुरे. वर गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक), माइल आणि लीज संपायची तारीख. खाली तुम्ही शोधलेल्या तीन जाहिराती आणि ते दोन ऑनलाइन आकडे, छापील प्रतींसह. मग स्पष्ट वाक्य: मी अमुक इतके डॉलर देते, कर्ज मंजूर आहे, इतक्या दिवसांत पैसे मिळतील, नाहीतर 24 मार्चला गाडी परत करते. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "काही कमी होईल का?" असं विचारलंत तर "नाही" एवढंच उत्तर येईल. आकडा टाकलात तर निदान कोणालातरी तो तपासावा लागतो.

आकडा किती? तुम्ही गाडी परत दिलीत तर त्यांना ती उचलून न्यावी लागेल, तपासावी लागेल, लिलावात उभी करावी लागेल, वाट बघावी लागेल. हाती येणार साधारण त्या ऑनलाइन ऑफरइतके, त्यातून खर्च वजा. म्हणून सुरुवात 23,500 पासून करा. तुमची शेवटची पायरी मात्र आजच नवऱ्याबरोबर बसून ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. तशीच दुसरी गाडी 25,990 ला मिळत असताना आपल्या गाडीच्या मायेपोटी 29,000 देऊ नका.

अपेक्षा बेताची ठेवा. फायनान्स कंपनी गाडीच्या कंपनीचीच असेल तर त्या बहुधा हलत नाहीत, बँकेची लीज असेल तर आशा जास्त. पण असं होतच नाही असंही नाही. 2015 च्या सुमारास निसानच्या फायनान्स कंपनीने लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या लीजवाल्यांना बायआउटवर 5,000 डॉलरची सूट स्वतःहून देऊ केली होती, कारण परत येणाऱ्या गाड्यांचं करायचं काय हा त्यांनाच प्रश्न होता. उलट टेस्लाने 2019 मध्ये मॉडेल 3 ची लीज सुरू केली तेव्हा बायआउटचा पर्यायच ठेवला नव्हता. करार नीट वाचा हे त्यासाठीच सांगतोय.

थेट नाही जमलं तर डीलरचा रस्ता आहे. ते पहिलं उत्तर आल्यावर बोलू.

चिंचवडकर

मध्येच विचारतो, माफ करा. पुण्यात कंपनीच्या लीजवर इलेक्ट्रिक गाडी आहे. आम्हालाही हे लागू आहे का?

कडुनिंब

दादा, तुमच्याकडे करार तुमची कंपनी आणि लीज कंपनी यांच्यात असतो, आणि शेवटची किंमत सहसा आधीच ठरलेली. एचआरकडून तो मूळ करार मागा. एक मात्र बघा: डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने व्यावसायिकाने विकलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीवर, त्याच्या मार्जिनवर, 18 टक्के दर ठरवला. तुमच्या आकड्यात तो कसा धरलाय ते विचारा. वेगळा धागा काढलात तर जास्त उत्तरं येतील.

ओंजळ, 2 फेब्रुवारी

पहिली बातमी. रारीटनदादांनी सांगितलं तसं पान बनवून पाठवलं, 23,500. नऊ दिवसांनी लेखी नकार आला, दोन ओळींचा. त्याखाली लीज दरमहा वाढवायची ऑफर होती, त्याच हप्त्यावर, सहा महिन्यांपर्यंत. भाव आणखी पडतील या आशेने ती घ्यावी का?

दुसरं म्हणजे बॅटरीचं. बाबा सांगलीला असतात, महावितरणमधून निवृत्त झालेत. मागच्या वर्षी मे ते ऑक्टोबर इथे होते. रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये गाडी चार्जिंगला लावायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. मुलीच्या शाळेच्या उरलेल्या वहीत पट्टीने रकाने आखून ते लिहायचे: तारीख, मीटर, किती टक्क्यांवरून किती, चार्जरने किती युनिट घेतले. एक ओळ जशीच्या तशी देते: "12 ऑगस्ट. 25,118. 31 ते 80. 40 युनिट." अशा ऐंशीच्या वर ओळी आहेत. सुरुवातीला 80 टक्क्यांवर गाडी 213 माइल दाखवायची, आता 206 च्या आसपास दाखवते. ही वही कुठे उपयोगी पडेल का?

कडुनिंब

ही वही जपून ठेवा. बॅटरी किती किलोवॉट तासांची?

ओंजळ

77.

कडुनिंब

घरच्या 240 व्होल्ट चार्जिंगमध्ये साधारण दहा टक्के वीज वाटेत जाते. 40 युनिटपैकी 36 आत गेले. तेवढ्यात 49 टक्के भरली, म्हणजे पूर्ण बॅटरी साधारण 73.5 ची. नव्याच्या 95 टक्के. एका ओळीवर विसंबू नका, सगळ्या ओळींची सरासरी काढा, पण तीन वर्षांच्या गाडीला हे छान आहे.

फायनान्स कंपनीला या वहीची किंमत शून्य, त्यांना ती दाखवूही नका. बॅटरी चांगली आहे म्हटल्यावर ते भाव कशाला पाडतील? ही वही तुमच्यासाठी आहे. बाजारातली 25,990 ची गाडी तीन वर्षं रोज फास्ट चार्जरवर 100 टक्के भरली असेल की नाही, तुम्हाला कसं कळणार? तुमच्या गाडीचं तुम्हाला माहीत आहे. त्या खात्रीचे तुम्ही हजार डॉलर जास्त दिलेत तर मी चूक म्हणणार नाही.

रारीटन_काठी

लीज वाढवू नका, निदान भाव पडतील म्हणून तरी. तो हप्ता सहसा बायआउटमधून वजा होत नाही, निव्वळ भाडं जातं. नवी गाडी यायला उशीर असेल तर तो पर्याय ठीक.

आता डीलरचा रस्ता. लीज संपली की गाडी त्या ब्रँडच्या डीलरकडे जमा होते, त्याला इथे ग्राउंड करणं म्हणतात. ती लिलावाला जाण्याआधी त्या डीलरला विकत घ्यायची पहिली संधी मिळते, आणि त्याला दिसणारी किंमत बऱ्याचदा बाजारभावाची असते, तुमच्या करारातली नाही. तो ती घेतो, त्यावर आपला नफा लावतो आणि तुम्हाला विकतो.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. काही फायनान्स कंपन्या त्याच लीजवाल्याला गाडी परत विकायला डीलरला मनाई करतात, किंवा अशा वेळी पूर्ण रेसिड्युअल मागतात. हे आधी विचारा. आणि काहींच्या सिस्टीममध्ये डीलरला किंमत जमा केल्यावरच दिसते. एकदा ओडोमीटरच्या (गाडी परत देताना मीटर लिहून द्यायच्या) कागदावर सही झाली की गाडी तुमची नाही. म्हणून विक्रीचा करार, सगळ्या फिया धरून, सहीसह हातात आल्याशिवाय चावी देऊ नका. एकाच टेबलावर, एकाच बैठकीत दोन्ही कागद. चार डीलरना फोन करा, जिथून गाडी घेतली तिथेच जायचं बंधन नसतं. आणि कर्जाची मंजुरी आपल्या क्रेडिट युनियनमधून (सभासदांच्या पतसंस्थेतून) घेऊनच आत पाऊल टाका.

ओंजळ, 24 फेब्रुवारी

पाच डीलरना फोन केले. दोघांनी "असं काही नसतं" म्हणून ठेवून दिला. एकाने 27,900 सांगितले. चौथ्याचा परत फोनच आला नाही. पाचवा घरापासून चाळीस माइलवर. तिथला वापरलेल्या गाड्यांचा मॅनेजर म्हणाला, व्हीआयएन पाठवा, बघून सांगतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला की परत विकायला मनाई नाही, सिस्टीममध्ये किंमत 24,300 दिसते आणि तो 25,600 अधिक 699 कागदपत्रांची फी घेईल. काय म्हणू?

रारीटन_काठी

त्याला 1,300 नफा आणि वर फी. गाडी धुवायला नको, जाहिरात नको, गिऱ्हाईक दारात उभं. सगळं मिळून 25,000 म्हणा आणि गप्प बसा. त्याला बोलू द्या.

ओंजळ, 15 मार्च

झालं! गाडी आमची झाली.

25,000 म्हटलं. फोनवर बराच वेळ शांतता होती आणि मला राहवत नव्हतं, पण गप्प बसले. तो 25,200 वर आला, फी धरून. मी लगेच ईमेलवर लिहून मागितलं. 12 मार्चला दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवले. आधी विक्रीचा करार वाचला. त्यात 25,200 च्या खाली टायर-संरक्षणाचे 895 आपोआप आले होते. ते काढायला सांगितले, त्याने काही न बोलता काढले. मग ओडोमीटरच्या कागदावर सही केली.

विक्रीकर 1,669.50. एकूण 26,869.50. लीज परत केल्याची 400 डॉलरची डिस्पोझिशन फी मात्र फायनान्स कंपनीकडून येणार आहे, करारात होती, ती भरू. तरी करारातल्या किमतीपेक्षा साधारण 5,360 डॉलर वाचले. टायटलचे (मालकीच्या कागदाचे) किरकोळ पैसे दोन्हीकडे लागणारच होते, ते धरले नाहीत.

रारीटनदादा, कडुनिंबदादा, तुमचे मनापासून आभार. तुम्ही नसतात तर त्या पहिल्या पाच मिनिटांच्या फोननंतर आम्ही गाडी देऊन टाकली असती.

आज बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी मीटर किती झालं ते विचारलं आणि म्हणाले, वहीत पुढची बावीस पानं आखून ठेवली आहेत, लिहीत जा.