सहा महिने एकाच दुकानाशी बांधून घ्यावे का?

प्रश्न: फिरकीवाला, बडोदा

नमस्कार. दांडिया बाजारातल्या आम्ही तिघा मित्रांनी दोन वर्षे खपून उत्तरायणावर एक लहानसा पीसी गेम तयार केला आहे. गच्च्या, फिरकी, पेच आणि पतंग कापला की चारी बाजूंनी उठणारी ‘काप्यो छे!’ ही आरोळी, एवढेच त्याचे विश्व आहे. पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात त्याचे पान आम्ही गेल्या वर्षीच उघडले. लोकांनी तो विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, टाकला असून १४ जानेवारीला तो विक्रीस आणायचा आहे.

स्टीमशी स्पर्धा करणाऱ्या एपिक या दुकानाने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘फर्स्ट रन’ योजना जाहीर केली, तिच्याविषयी आमच्यात मतभेद आहेत. पहिले सहा महिने गेम दुसऱ्या कोणत्याही दुकानात ठेवायचा नाही आणि त्या काळातले सगळे उत्पन्न निर्मात्याचे, अशी ती योजना आहे. कर बाजूला ठेवला, तर ५०० रुपयांच्या प्रतीमागे स्टीमचे ३० टक्के वजा जाऊन आमच्या हाती ३५० रुपये पडतात, एपिककडे मात्र पूर्ण ५००. म्हणजे स्टीमवर १०० प्रती विकून जे मिळेल ते तिथे ७० प्रतींत मिळेल. माझ्या एका भागीदाराला हा हिशेब पटला आहे. मला मात्र वर्षभर वाट पाहणाऱ्या लोकांना ऐनवेळी दुसरीकडे पाठवणे योग्य वाटत नाही. अनुभवी मंडळींनी मत द्यावे.

उत्तर १: रावपुऱ्याचा वाचक

गिऱ्हाईक म्हणून सांगतो. ‘मेट्रो एक्झोडस’ या गेमची आगाऊ नोंदणी स्टीमवर सुरू असताना, प्रकाशनाला तीन आठवडेही उरलेले नव्हते तेव्हा, म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये, तो एपिककडे गेल्याचे जाहीर झाले. आधी पैसे भरलेल्यांना तो स्टीमवर मिळाला, इतरांना वर्षभर थांबावे लागले. ‘शेनमू ३’ या गेमच्या बाबतीत तर तो बनवण्यासाठी २०१५ मध्ये वर्गणी देणाऱ्यांना स्टीमची प्रत मिळेल असे सांगितले होते, पण तोही एपिककडे गेला आणि नाराजांना शेवटी पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली. उलट ‘हेडीस’ हा गेम डिसेंबर २०१८ मध्ये अपूर्ण अवस्थेतच एपिकवर आला आणि वर्षभराने स्टीमवर. तिथे अगोदर दिलेला शब्द मोडला गेला नव्हता, म्हणून तसा रागही उसळला नाही. गेम एकाच दुकानात मिळण्याचा एकाधिकार लोक सहन करतात, दिलेला शब्द फिरवलेला सहन करत नाहीत. तुमचे पान स्टीमवर उघडलेले आहे, म्हणजे शब्द दिलेलाच आहे.

उत्तर २: अलकापुरीतला हिशेबनीस

वरचे मत मान्य असले, तरी एकाधिकाराला सरसकट वाईट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ‘कंट्रोल’ या गेमसाठी एपिककडून जवळपास ९५ लाख युरो मिळाल्याचे प्रकाशकाच्या मूळ कंपनीच्या ताळेबंदावरून उघड झाले होते. एक प्रतही विकली जाण्याआधी अशी हमी मिळत असेल, तर कर्ज काढून गेम बनवणाऱ्याने ती का नाकारावी? स्पर्धेचा दबावही खराच होता: स्टीमने नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस मोठ्या विक्रीवरचे आपले कमिशन २५ आणि २० टक्क्यांपर्यंत उतरवले आणि काही दिवसांतच एपिकने १२ टक्क्यांवर आपले दुकान मांडले. पण १ कोटी डॉलरच्या वर विक्री गेली तरच स्टीमची ती सवलत लागू होते; तुम्हाआम्हाला ३० टक्केच द्यावे लागतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो, कारण तुमच्या हिशेबात एक गोष्ट सुटली आहे. जून २०२५ पासून एपिक आपल्या दुकानातल्या प्रत्येक गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर काहीच कापून घेत नाही आणि त्यासाठी एकाधिकाराची अट नाही. म्हणजे ज्या ५०० रुपयांसाठी तुम्ही सहा महिने बांधून घेणार आहात, ते तुम्हाला दोन्ही दुकानांत एकाच दिवशी गेम ठेवूनही मिळतात. मग त्या करारात तुमच्यासाठी उरते ती मुख्यतः दुकानाच्या दर्शनी पानावरची जागा.

आणि तारीख पाहा. १४ जानेवारीपासून सहा महिने म्हणजे जुलैचा मध्य. विश्वामित्री नदीला पाणी चढलेले असताना, ओल्या गच्चीवर कोणी पाय ठेवत नसताना, स्टीम तुमच्या विशलिस्टवाल्यांना ‘गेम आला’ असा ईमेल पाठवील. पतंगाच्या गेमला याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: फिरकीवाला

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या १० लाख डॉलरची सवलत आम्हाला ठाऊकच नव्हती. काल रात्री भागीदाराने वही उघडून सगळी आकडेमोड पुन्हा केली आणि ७० प्रतींची ओळ स्वतःच खोडली. गेम १४ जानेवारीला दोन्हीकडे एकाच किमतीला ठेवायचे ठरले आहे, आणि स्टीमच्या पानावर ती तारीख आजच लिहून टाकली.