गोबरगॅसमध्ये काड आणि पालापाचोळा: आधी कोणती प्रक्रिया करावी?

ओलीमाती
आमचं संयंत्र स्थिर घुमटाचं आहे. जनावरं कमी झाल्याने शेण पुरत नाही, म्हणून गव्हाचं काड आणि वाळलेला पाला मिसळतोय. काड वर तरंगतं, त्याचा जाड थर धरतो आणि गॅस काही वाढत नाही. चुना, कॉस्टिक सोडा, बुरशी, वाफ अशी बरीच नावं वाचली. घरगुती संयंत्राला यातलं खरंच काय झेपेल? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावं.

निळीज्योत
ताई, आधी कुट्टी, मग बाकी सगळं. काडातलं सेल्युलोज (ज्याचा गॅस होतो तो तंतुमय भाग) लिग्निनच्या, म्हणजे काडाला कडकपणा देणाऱ्या चिवट पदार्थाच्या, जाळ्यात अडकलेलं असतं आणि हवेविना जगणाऱ्या जिवाणूंना लिग्निन जवळजवळ पचत नाही. शेण गाईच्या पोटातून आलेलं असतं, म्हणजे दळणं-भिजवणं तिने आधीच केलेलं असतं. काडाच्या बाबतीत ते आपल्याला करावं लागतं. एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे पुरे. त्याहून बारीक करत गेलं की विजेचा खर्च वाढतो, गॅस त्या प्रमाणात वाढत नाही.

ही कुट्टी साध्या पाण्याऐवजी आउटलेटच्या ताज्या स्लरीत (संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणकाल्यात) तीन-चार दिवस भिजवा. स्लरीत जिवाणू तयार असतात, शिवाय अमोनियाच्या रूपात नत्रही असतं. काडी पोकळ असते, आत हवा असते, म्हणून तरंगते. भिजवल्यावर एक काडी बोटांत धरून वाकवा. कट्कन मोडली तर अजून कच्ची आहे. न मोडता वाकली, दाबल्यावर चपटी होऊन पाणी सुटलं, की टाकायला हरकत नाही.

चुनखडी
+१. त्यापुढे जायचं असेल तर चुना. काडाच्या कोरड्या वजनाच्या ५ ते ८ टक्के विरलेला चुना पाण्यात कालवून कुट्टीला चोळायचा आणि काही दिवस दडपून ठेवायचं. अल्कलीने लिग्निनचे बंध सैल होतात. कॉस्टिक सोडा जास्त जोरदार आहे, पण घरी मी सुचवणार नाही: कातडी भाजते, आणि सोडियम स्लरीतून शेवटी शेतात साठत जातं. चुन्यालाही हातमोजे आणि चष्मा हवाच. कळीचा चुना तर वापरूच नका, पाणी पडताच उकळतो.

ओलीमाती
भिजवलेल्या काडाला आंबूस वास येतो. फेकून द्यायचं का?

निळीज्योत
अजिबात नाही! ती आम्लंच पुढे मिथेन होतात. फक्त झाकून ठेवा आणि वेळेत टाका. उघड्यावर आठवडेच्या आठवडे कुजवलं तर जो कर्ब गॅस व्हायचा तो हवेत उडून जातो. बुरशीचीही हीच अडचण. पांढऱ्या कुजीच्या बुरशा लिग्निन खरोखर तोडतात, पण वेळ खूप घेतात आणि सोबत थोडं सेल्युलोजही खातात. वाफेचा स्फोट, म्हणजे काड वाफेत तापवून दाब एकदम सोडणं, १६० ते २२० अंशांवर, दाबाखाली करतात, तो कारखान्यांचा विषय आहे.

रानवाट
पाल्याबद्दल कुणी लिहिलं नाही. चिवट, मेणचट पानं आणि काटक्या टाकूच नका, त्यांचं खत करा. कोवळं गवत चालतं, पण ते झपाट्याने आंबतं, म्हणून थोडं थोडं. आणि नत्र सांभाळा. एकूण मिश्रणात कर्ब-नत्र गुणोत्तर (एक भाग नत्रामागे कर्बाचे किती भाग) २० ते ३० असावं. गव्हाच्या काडात ते ८० किंवा त्याहूनही वर असू शकतं, त्यामुळे शेण पूर्ण बंद करून चालत नाही.

चुनखडी
आणखी एक, सगळं काड एकदम टाकायच्या आधी बाटल्यांत चाचणी घ्या. तीन सारख्या बाटल्या, तिन्हींत सारखीच स्लरी. एकीत नुसती स्लरी, दुसरीत साधी कुट्टी, तिसरीत चुना लावलेली तेवढीच कुट्टी. तोंडाला फुगे बांधून उबदार जागी ठेवा. नुसत्या स्लरीचा गॅस वजा केल्यावर चुन्याने किती फरक पडला ते दिसेल. फरक नगण्य असेल तर चुन्याचा खर्च वाचला, नुसतं भिजवणं चालू ठेवा. मात्र फुगा कार्बन डायऑक्साइडनेही फुगतो, म्हणून पहिल्या दोन दिवसांवरून निकाल लावू नका, निदान तीन-चार आठवडे थांबा.