पोस्टफिक्सच्या लॉगवरून रोजचा अहवाल

प्रश्न (इंदूर): आमच्या राजवाड्याजवळच्या पेढीच्या मेल सर्व्हरवर पोस्टफिक्स (ईमेल पोहोचवणारे सॉफ्टवेअर) आहे. त्याच्या लॉगवरून, म्हणजे नोंदींच्या फाइलवरून, मी पायथनमध्ये अहवालाची स्क्रिप्ट लिहिली आहे; परंतु एखादी ईमेल तीनदा ‘डिफर्ड’ होऊन (म्हणजे तूर्त पुढे ढकलली जाऊन) चौथ्यांदा पोहोचली, तर स्क्रिप्ट चार ईमेल मोजते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: आपण ओळी मोजत आहात, ईमेल नव्हे. क्यू आयडी (पोस्टफिक्स रांगेतल्या ईमेलला देते तो ओळखक्रमांक) आणि प्राप्तकर्ता ही जोडी धरून शेवटची स्थितीच नोंदवावी. स्थितीचा कोड ४ ने सुरू झाला तर अडथळा तात्पुरता, ५ ने झाला तर नकार कायमचा.

उत्तर २: आखूड क्यू आयडी पुन्हा वापरले जातात, म्हणून ‘रिमूव्हड’ची (ईमेल रांगेतून काढल्याची) ओळ येताच शेवटची स्थिती मोजून त्या आयडीची नोंद मिटवावी. पोस्टफिक्सच्या आवृत्ती २.९ पासून लांब आयडींचीही सोय आहे, ती मात्र मुद्दाम सुरू करावी लागते.

प्रश्नकर्ता: जोडी धरताच आकडे जुळले. मध्यरात्री लॉगची फाइल बदलते, तेव्हा अडकलेल्या ईमेलसाठी कालची फाइलही वाचतो आहे.