जिद्द कमी की आखणी अपुरी?

भाऊ, मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबची 2024-25 मधील घसरण केवळ खेळाडूंच्या निष्काळजीपणामुळे झाली, हे आपले मत मला पटत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये, म्हणजे हंगाम सुरू असतानाच आलेले प्रशिक्षक रूबेन आमोरिम यांनी चार बचावपटूंच्या पद्धतीला सरावलेल्या संघाला 3-4-3 या रचनेत (मागे तिघे बचावपटू, मधल्या फळीत दोघे व दोन्ही कडांना बचाव आणि चढाई दोन्ही करणारे विंगबॅक, पुढे तिघे) खेळवले, आणि सामन्यांच्या दाटीत ती अंगवळणी पडण्याइतका सराव होऊच शकला नाही. डिसेंबरमध्ये मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर 2-1 असे हरवणारा हा संघ अवघ्या आठवडाभरात घरच्या मैदानावर बोर्नमथकडून 0-3 असा हरला, यामागे मला मुख्यतः रचनाच दिसते: प्रतिस्पर्धी चढून आला की त्याच्या मागे मोकळी जागा सापडते, पण चाल स्वतः रचायची वेळ आली की मधल्या फळीच्या मध्यभागी असलेले दोघेच संख्येने कमी पडतात.

जिद्दीचेच म्हणाल, तर युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत जादा वेळेत 2-4 असे मागे पडूनही ल्यों या फ्रेंच क्लबला 5-4 ने हरवणाऱ्या संघात ती नव्हती, असे कसे म्हणावे? आपल्या जळगाव-भुसावळकडे एप्रिलच्या उकाड्यात मध्यरात्रीनंतर तो सामना पाहत जागलेल्यांना तरी हे सांगायला नको. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये मात्र पंधरावे स्थान आणि बिल्बाओमधील युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून 0-1 असा पराभव, हेच पदरी पडले. माझा आक्षेप आमोरिम यांच्या हट्टापेक्षा, त्या रचनेला साजेसे विंगबॅक हाताशी नसताना हंगामाच्या मध्येच त्यांना नेमणाऱ्या व्यवस्थापनावर अधिक आहे.