क्रोम-जीमेल सोडणारे सगळे पेन्शनर? (बेरकी बोका यांना उत्तर)

कृष्णाकाठ

परवा घरून काम करण्याच्या धाग्यावर बेरकी बोका यांनी जाता जाता एक पिंक टाकली: "फायरफॉक्स आणि थंडरबर्डच्या नादी लागणं हा पेन्शनरांचा छंद आहे. कामाच्या माणसानं क्रोम उघडावं, जीमेल बघावं आणि कामाला लागावं." तिथं उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं. त्या धाग्याचा विचका नको म्हणून इथं वेगळं टाकतोय.

पहिली गोष्ट, मी पेन्शनर नाही. सांगलीत माझा छापखाना आहे, आणि छापखानेवाल्याला पेन्शन नसते, उधारी असते.

२००५ च्या दिवाळी अंकांच्या धांदलीत मी थंडरबर्डवर, म्हणजे मेल आपल्या यंत्रावर उतरवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर, आलो. तेव्हा त्याची पहिली आवृत्ती येऊन वर्षही झालं नव्हतं. कारण तत्त्वाचं वगैरे नव्हतं, फोनच्या बिलाचं होतं. मोडेम लावायचा, मेल उतरवायचे, लाइन तोडायची आणि मग चहा घेत निवांत वाचायचे. वेबवर मेल वाचायचा म्हणजे मीटर चालू ठेवून रिक्षात गप्पा मारत बसण्यासारखं होतं.

सवयीचं म्हणाल तर फायरफॉक्स या ब्राउझरची सवय चार दिवसांत होते. वाचनखुणा, पासवर्ड आपोआप येतात, टॅब तेच, पाचव्या दिवशी आपण विसरूनही जातो. मेलनं मात्र माझे दोन महिने खाल्ले. उत्तर लिहायला गेलं की थंडरबर्ड कर्सर मूळ पत्राच्या खाली नेऊन ठेवतं. मी बापडा खाली लिहून पाठवत राहिलो. आठवड्यानं एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "मालक, माझंच पत्र मला परत का पाठवताय रोज?" त्यानं खालपर्यंत बघितलंच नव्हतं! सेटिंग बदलायला एक टिचकी पुरते, पण ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी शोधलं नव्हतं. तसंच पुसलेल्या मेलचं. पुसले तरी फाइल तेवढीच फुगलेली राहायची, कारण फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.

पण एकदा हात बसला तो बसला. आज एकोणीस-वीस वर्षांचा पत्रव्यवहार माझ्या टेबलाखालच्या डब्यात, म्हणजे कॉम्प्युटरात, आहे. कोण कवी कितव्या प्रुफाला काय म्हणाला ते मी नेट नसतानाही काढून दाखवू शकतो, आणि कवींच्या बाबतीत त्याची गरज पडते.

बेरकी बोका

वा, माझ्या एका ओळीवर निबंध! रिकामटेकडेपणाचा याहून सज्जड पुरावा मला शोधता आला नसता.

मुद्द्यावर येतो. दोन महिने! दोन महिने घालवून काय मिळवलंत, तर जे मला शून्य मिनिटांत मिळालं ते. मेल फोनवर आहे, लॅपटॉपवर आहे, हापिसातल्या यंत्रावर आहे. शोध लागतो, कचरा आपोआप बाजूला जातो. तुमच्या थंडरबर्डला तर आधी शिकवावं लागतं, हा कचरा बरं का बाळा, आणि हा नाही.

दुसरं. ज्या फायरफॉक्सच्या स्वातंत्र्याचे पोवाडे गाताय, त्याच्या घरची चूल गूगलच्या पैशावर पेटते. डिफॉल्ट शोधयंत्र म्हणून जी रक्कम मिळते तिच्यावरच तो बनवणाऱ्या मोझिलाचा बहुतेक गाडा चालतो. सासऱ्याच्या घरात राहून सासऱ्याशी अबोला धरल्यासारखं आहे हे.

तिसरं, आणि हे जरा टोचेल. आपण सांगलीकर. टेबलाखालचा डबा. ऑगस्ट २०१९. पुढचं तुम्हीच सांगा.

निवृत्त नाना

मी पेन्शनर आहे आणि बोका यांच्या वाक्याचा मला मनापासून राग आला आहे. आमच्या वेळात आम्ही काय करायचं हे ठरवणारे आपण कोण?

आणि कृष्णाकाठ, तुम्हीही अर्धेच शहाणे. ब्राउझर वेगळा नि मेल वेगळा हे फॅड नंतरचं. नेटस्केप कम्युनिकेटरमध्ये सगळं एका छपराखाली होतं. पुढं मोझिला सूट आला, २००५ मध्ये मोझिलानं तो बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा स्वयंसेवकांनी तो उचलून सीमंकी केला. जानेवारी २००६ ला त्याची पहिली आवृत्ती आली. मी तेव्हापासून तोच वापरतो. मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारली की शेजारी पान उघडतं, पत्त्यांची वही तीच, वर वेबपानं लिहायचा संपादकही आहे. नातवाला दाखवलं तर तो म्हणाला, आजोबा, हे म्युझियममधलं आहे का.

माझ्या बँकेची साइट त्यात उघडत नाही, हे खरं आहे. 'आपला ब्राउझर जुना आहे' असा फलक येतो. मीही जुना आहे, पण माझ्या ठेवी त्यांना चालतात.

खिडकीजवळची_सीट

नाना, एका छपराखालचंच हवं तर विवाल्डी बघा. पूर्वी ऑपेरात मेल असायचा, २०१३ मध्ये ऑपेरानं इंजिन बदलून क्रोमच्या मुळाशी असलेलं क्रोमियम घेतलं तेव्हा तो ब्राउझरमधून गेला. ऑपेराच्याच जुन्या संस्थापकानं पुढं विवाल्डी काढला आणि जून २०२२ ला त्यात मेलची पहिली पक्की आवृत्ती आणली. अर्थात आत क्रोमियमच.

शुद्धमती

चर्चा उद्बोधक आहे, पण भाषा वाचवत नाही. 'वाचनखूण', 'टिचकी', 'दुवा' असे सुरेख शब्द वापरणारी माणसं त्याच दमात 'ब्राउझर' आणि 'मेल' कसं लिहू शकतात? न्याहाळक आणि विरोप हे शब्द मराठी आंतरजालावर कित्येक वर्षं रुळलेले आहेत. परक्या कंपनीची गुलामी नको म्हणता, आणि शब्द मात्र परके?

बेरकी बोका

झालं. आता कुणीतरी डाउनलोडला 'अधोभारण' म्हणेल आणि मी धागा सोडेन.

शुद्धमती

खुशाल सोडा. 'उतरवणे' हा शब्द कृष्णाकाठ यांनी वापरलेलाच आहे आणि तो आपल्यालाही कळला. प्रश्न शब्दांचा नाही, न्यूनगंडाचा आहे.

र_ला_ट

शुद्धमतीताई, एक सांगू? मी काही काळ फायरफॉक्सच्या मराठीकरणात हातभार लावला आहे. बिनपैशाचं, रात्री जागून. तिथं बसलं की कळतं. 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणावं, 'साठवा' म्हणावं की 'सेव्ह करा'? एकानं एका ठिकाणी हे लिहिलेलं, दुसऱ्यानं दुसरीकडं ते. बटणाच्या रुंदीत 'प्राधान्ये' बसेल का, हाही प्रश्नच. इतकं करून ज्यांच्यासाठी करतोय ते सगळे इंग्रजी मेन्यू ठेवून वर न्याहाळकावर भांडतात. आपला मेन्यू कोणत्या भाषेत आहे, ताई?

शुद्धमती

हा वैयक्तिक प्रश्न झाला.

बेरकी बोका

इंग्रजी! ताईंचा न्याहाळक इंग्रजी आहे!! दिवस सार्थकी लागला.

फ्रांकफुर्टचा पुणेकर

हसू नका, मी ताईंच्या बाजूनं. माझी आई पुण्यात, मी इथं. तिला फायरफॉक्स मराठीत लावून दिला होता. एकदा फोनवरून काहीतरी दुरुस्त करायचं होतं. मी म्हणतोय "आई, टूल्समध्ये जा", ती म्हणते "टूल्स नाही, इथं साधने आहे". माझ्यासमोर जर्मन मेन्यू, त्यात त्याच जागी 'एक्स्ट्राज'. पाऊण तास तीन भाषांत आमची कुस्ती चालली. शेवटी मी माझ्याकडंही मराठी लावला आणि दहा मिनिटांत काम झालं. तेव्हापासून तो तसाच आहे.

आणि इथं जर्मन लोक बुकमार्कला 'लेझेत्साइखेन' म्हणतात. म्हणजे शब्दशः वाचनखूण. बँकेतला माणूस, शाळकरी पोरगा, सगळे. कुणी हसत नाही, कुणी त्यावर धागाही काढत नाही.

र_ला_ट

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. आजवर भेटलेली ही दुसरी वापरकर्ती. पहिली माझी आई.

स्पष्टवक्ता७२

मराठीचा एवढा कळवळा आहे तर हेही आठवा. फायरफॉक्स २ पर्यंत दोन्ही कडा जुळवलेला, म्हणजे जस्टिफाय केलेला देवनागरी मजकूर त्यात तुटायचा. काने-वेलांट्या सुट्या, जोडाक्षरांची हाडं मोकळी. तोच मजकूर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नीट दिसायचा. म्हणजे ज्याला आपण खलनायक ठरवलं त्याला मराठी येत होतं आणि नायकाला येत नव्हतं.

कृष्णाकाठ

बरोबर आहे, आणि जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा ते दुखणं गेलं. आपण अजून २००७ मध्ये का राहताय? आणि तेव्हा अर्धी मराठी वर्तमानपत्रं युनिकोडमध्येच नव्हती! प्रत्येकाचा आपापला फाँट, तो नसला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची भेळ. त्याचं खापरही ब्राउझरवर फोडणार का? मी त्या फाँटांत वीस वर्षं जुळणी केली आहे, मला शिकवू नका.

स्पष्टवक्ता७२

शिकवत नाही. आपण स्वतः सोडून सगळ्यांना शिकवताय, तेवढंच म्हणतोय.

कर्जत_लोकल

भांडण चालू दे, मी माझं सांगते. बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांचं जीमेल खातं तसंच पडून होतं. पासवर्ड वहीत लिहिलेला होता, पण उघडायचं धाडस होत नव्हतं. मग मे २०२३ मध्ये गूगलनं जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबरपासून पुसली जाऊ शकतील. मी त्या रविवारी त्यांच्याच लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकलं आणि सगळं उतरवून घेतलं. रात्रभर लागली. दुसऱ्या दिवशी बघते तर डिस्क गच्च, कारण प्रत्येक मेल दोनदा आलेला, एकदा इनबॉक्समध्ये आणि एकदा 'ऑल मेल'मध्ये. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'ऑल मेल' आयमॅपला (सर्व्हरवरचा मेल थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅमला दाखवायची पद्धत) दाखवू नको असं सांगावं लागतं, ते मला नंतर कळलं.

ड्राफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींना लिहिलेले अकरा मेल सापडले, न पाठवलेले. सगळे पार्किंगवरून. शेवटच्यात फक्त "महोदय," एवढंच.

मला कुठला ब्राउझर चांगला ते माहीत नाही. मी अजून क्रोमच वापरते.

निवृत्त नाना

पोरी, ते अकरा मेल छापून ठेव.

बेरकी बोका

कर्जत_लोकल, यावर मला काही बोलता येत नाही. पण कृष्णाकाठ माझ्या तिसऱ्या मुद्द्याला सोयीस्कर बगल देऊन गेले आहेत. फाँटांवर पोटतिडकीनं बोलतात, पुरावर गप्प.

कृष्णाकाठ

गप्प नाही. लिहायला जड जातं.

डबा बुडाला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळीकडं सगळं गाव डोळे लावून बसलेलं असताना आम्ही कागदाची रिमं माळ्यावर चढवत होतो, कारण २००५ च्या पुरात कागद भिजला होता. या वेळी कागद वाचला आणि कॉम्प्युटर खाली राहिला. आठ दिवसांनी शटर उघडलं तर डब्यात गाळ.

थंडरबर्डच्या प्रोफाइलची, म्हणजे सगळे मेल असलेल्या फोल्डरची, प्रत विट्याच्या मेव्हण्याकडं होती. हे मी दर दिवाळीला करतो. म्हणजे ती प्रत नऊ-दहा महिन्यांची जुनी. मधले मेल गेले असं धरून चाललो होतो. पण २०१२ नंतर मी पॉप ही मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत सोडून आयमॅपवर आलो होतो, त्यामुळं ते सर्व्हरवर होते. नवा डबा आणला, खातं जोडलं, एकेक करून सगळे परत आले.

तर हो बोकाशेठ, मधले दहा महिने तुमच्या ढगानं वाचवले. लिहून दिलं, फ्रेम करून लावा. पण २००५ ते २०१२ चं त्या ढगात काहीही नव्हतं, पॉपनं उतरवलं की तिथून पुसलं जायचं. ते विट्याच्या कपाटातून आलं.

बेरकी बोका

फ्रेम करत नाही. मेव्हण्याला मात्र माझ्यातर्फे पेढे द्या.

आता माझं ऐका. काल रात्री थंडरबर्ड उतरवलं. शिव्या घालायला पुरावा हवा म्हणून, बाकी काही नाही. खातं दोन मिनिटांत जोडलं गेलं, पासवर्ड गूगलच्याच खिडकीत विचारला, हे मान्य. एक मेल उघडला, उत्तराची खिडकी उघडलीये असं समजून रोमनमध्ये "काल जरा" टायपायला लागलो. उत्तराची खिडकी उघडलेलीच नव्हती, आणि तिथं एकेक अक्षर म्हणजे एकेक हुकूम. 'के'नं अख्खी चर्चा दुर्लक्षित झाली, 'ए'नं एक मेल गडप, 'जे'नं पुढचा कचऱ्यात. पुढच्या 'ए'नं आणखी एक गेला. मी वर बघितलं तेव्हा यादीतून चार ओळी गायब आणि त्यात बायकोच्या विम्याचा मेल. ती आता शेजारी उभी आहे.

कृष्णाकाठ

घाबरू नका. 'ए'नं गेलेले 'आर्काइव्ह्ज'मध्ये त्या वर्षाच्या फोल्डरात असतील. जंकमध्ये जाऊन त्या मेलवर शिफ्ट धरून 'जे' दाबा. 'के'चं राहू द्या, तो माझाच मेल असणार.

बेरकी बोका

मिळाला. २०२३ च्या फोल्डरात होता. तरीही क्रोम.

शुद्धमती

न्याहाळक.