रेडिएटर गळून राह्यला, घरीच बदलता येईल का?

खारपाणातला शेतकरी (दर्यापूर तालुका)

राम राम मंडळी. माझी 2013 ची छोटी पेट्रोल गाडी आहे, तीन सिलिंडरची, एसीवाली. महिन्यातून दोनदा आईले अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं लागते. मागच्या गुरुवारी वलगावच्या अलीकडे तापमानाचा काटा लालवर गेला. गाडी लगेच बंद केली, आईले निंबाच्या सावलीत बसवलं अन् पाऊण तास थांबलो. झाकण उघडलं तं आत पाण्याचा थेंब नव्हता. प्यायचं पाणी ओतून कसेबसे घरी आलो. त्या उन्हात बसलेली आई डोळ्यापुढून जात नाही, म्हणून हे काम आता पक्कं करायचं आहे.

घरी पाह्यलं तं रेडिएटरच्या खालच्या अंगाले, प्लास्टिकची टाकी अन् ॲल्युमिनियमची जाळी जिथं जुळते तिथं, पांढरी-हिरवट पापडी जमली आहे. गाडी तापली की तिथूनच टिपटिप. ट्रॅक्टरचं बरंच काम मी हातानं करतो, पाने-पकड घरी आहेत. जुन्या ट्रॅक्टरच्या पितळी रेडिएटरले दोनदा झाळण मारून आणलं होतं. हाही झाळता येईल का? बदलायचा झाला तं काय काय जपावं? अन् तीन वर्षं यात बोरचंच पाणी टाकत आलो, हेही सांगून ठेवतो.

मूर्तिजापूरकर

भाऊ, दोन चमचे हळद टाकून पाहा. आमच्या जुन्या जीपनं हळदीवर अख्खा हंगाम काढला.

एसटी वर्कशॉप, निवृत्त (अकोला)

हळदीवर गाडी घरी पोचते, हे खरं आहे. वाटेत अडकलात तं टाका. पण ती फक्त भोकातच बसत नाही. रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत, हीटरच्या बारीक जाळीत गाळ होऊन बसते, अन् मग गळती थांबूनही गाडी तापतच राहते.

शेतकरी भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य मले सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दर्यापूर, आमचा अकोला, तेल्हारा, हा सगळा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. ज्या पाण्यानं वावरावर पांढरी खार फुटते, चहाच्या भांड्याले थर धरते, ते पाणी तीन वर्षं पातळ ॲल्युमिनियममध्ये गरम होत राह्यलं. नव्या रेडिएटरमध्ये तेच ओतलं तं तोही खाल्ला जाईल. बोरचं पाणी आजपासून बंद.

झाळण पितळेले, तांब्याले धरते. तुमच्या गाडीत जाळी ॲल्युमिनियमची, टाकी प्लास्टिकची, मधात रबरी पट्टी अन् पत्र्याचे दात वाकवून आवळलेलं. तिथं झाळण चालत नाही, वरून लावलेलं एम-सीलही दाबाखाली सुटते. बदलाच.

पण विकत घ्यायच्या आधी ऑइलची पट्टी काढून पाहा. गाडी कोरडी तापलेली आहे. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, नाही तं सायलेन्सरमधून पांढरा धूर सारखा येत असला, तं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक अन् हेड यांच्या मधातली पट्टी) गेलं असं समजा. मग रेडिएटर बदलून काही होत नाही, मेकॅनिककडेच न्या.

ऑइल साफ असलं तं काम सकाळी करा, गाडी रात्रभर थंड झाल्यावर. गरम झाकण कधीच उघडू नका. आत दाब असते म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, अन् झाकण सैल होताच वाफ होऊन तोंडावर येते. आमच्या वर्कशॉपमध्ये भाजलेले हात म्या पाह्यले आहेत. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा, पंखा विजेचा आहे. समोरची दुसरी जाळी एसीची, तिच्या नळ्यांचे नट सोडू नका, आत दाबाचा गॅस आहे. जुना होज (रबरी नळी) निघाला नाही तं स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, इंजिनाकडचं तोंड मोडते. ब्लेडनं उभा चिरा, नवा होज घ्या. झाकणही नवंच टाका. रेडिएटर ज्यावर बसते ते खालचे दोन रबर जुन्या रेडिएटरसोबत भंगारात जाऊ देऊ नका.

अन् निघालेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत औषधी पाणी) घमेल्यात उघडं ठेवू नका. ते गोड लागते. कुत्रं, वासरू, शेळी पिते अन् किडन्या जाऊन मरते. लगेच कॅनमध्ये भरा.

भरताना कूलंट अन् डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तयार मिसळलेलं असलं तं तसंच टाका. झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन स्लोवर चालवा. थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. पंखा दोनदा लागून बंद झाला की इंजिन बंद करा, ते थंड झालं की पातळी पाहून मगच झाकण लावा. घाई केली तं हवा अडकते अन् नव्या रेडिएटरवरही काटा चढते.

खारपाणातला शेतकरी (दर्यापूर तालुका)

काका, काम झालं. ऑइल साफ निघालं, तेव्हा जीवात जीव आला. सकाळी साडेसहाले बसलो, साडेदहा वाजले. खालचा होज खरंच चिकटला होता, चिरूनच काढावा लागला. एक रबर जुन्या रेडिएटरच्या खुंटीलेच चिकटून होतं. तुम्ही लिहिलं नसतं तं गेलंच असतं. आधी साध्या पाण्यानं इंजिन धुतलं, तं पांढऱ्या कपच्या अन् तांबडं पाणी निघालं. डिस्टिल्डनं दोनदा खळबळून घेतलं, तेव्हा स्वच्छ आलं.

दुसऱ्या दिवशी बाजूच्या टाकीतली पातळी बोटभर उतरली होती, तेवढी भरली. काल आईले अमरावतीले नेऊन आणलं. काटा जाता-येता मधाच्या खालीच राह्यला. आता डिक्कीत पाच लिटर डिस्टिल्ड पाण्याचा कॅन असते. जुन्या कूलंटचा कॅन माळ्यावर ठेवला, त्याचं काय करू?

एसटी वर्कशॉप, निवृत्त (अकोला)

नालीत, शेणखड्ड्यात, विहिरीजवळ ओतू नका. जुनं ऑइल जमा करणारं मोठं गॅरेज असलं तं तिथं विचारा, पण ऑइलच्या पिंपात मिसळू देऊ नका, वेगळंच द्या. तोवर कॅनवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहून ठेवा. अन् आईले माझा नमस्कार सांगा.